कार्यक्रम पडला कुठे? मंचावर की कमिटीच्या बैठकीत?

मागच्या रविवारी आमच्या वस्तीच्या जयंती कमिटीची पहिली बैठक झाली. डीजे, मिरवणुकीचा मार्ग, प्रमुख पाहुणे, भोजनदान, पावती पुस्तके अशा क्रमाने विषय झाले आणि रात्री साडेदहाला, निम्मी मंडळी उठून गेल्यावर, शेवटचा विषय निघाला : सांस्कृतिक कार्यक्रम. एक पंचविशीतला कार्यकर्ता, अतिशय प्रामाणिक पोरगा, म्हणाला, "ताई, गेल्या वर्षी तुमच्या आग्रहाने जलसा ठेवला. पडला. शेवटाला पन्नास माणसं पण नव्हती. आता परत तेच कशाला? ऑर्केस्ट्रा सांगू, नाहीतर डीजेचा एक दिवस वाढवू."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. जलसा पडला होता. त्या क्षणी मला काही सुचले नाही, मी गप्प बसले. पण पडला तो का पडला, हे आपण कुणीच कुणाला विचारले नाही. "लोकांना आता हे नको आहे" असे म्हणून मोकळे झालो. हा लेख म्हणजे मला उशिरा सुचलेले उत्तर आहे, आणि त्यात माझी स्वतःची चूकही कबूल करायची आहे.

आधी त्या रात्रीचा हिशेब मांडते. तारीख १२ एप्रिल. पत्रिकेवर वेळ सायंकाळी सात. सातला आपल्या वस्तीत कोण मोकळे असते? कामावरून आलेला माणूस हातपाय धूत असतो आणि बाई चुलीपाशी असते. आठला पाहुणे आले. महामानवांच्या प्रतिमांना हार, त्रिशरण-पंचशील, इथपर्यंत ठीक. मग सत्कार सुरू झाले. वर्गणी देणाऱ्यांचे सत्कार, माजी पदाधिकाऱ्यांचे सत्कार, ज्यांना नाही बोलावले तर राग येईल त्यांचे सत्कार. मग मनोगते. प्रत्येक वक्ता "मी आपला जास्त वेळ घेणार नाही" असे म्हणाला आणि त्याने घेतला. शाहिरांच्या हातात माइक आला तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. दहाला आवाज बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते, पण १२ एप्रिल काही आमच्याकडे त्या यादीत नव्हता. म्हणजे दोन तासांचा बसवलेला कार्यक्रम चाळीस मिनिटांत उरकायचा होता.

आणि इथे माझी चूक. मी मंचामागे जाऊन शाहिरांना सांगितले, "शाहीर, वेळ नाही. बतावणी काढून टाका, फक्त गाणी घ्या." ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "ताई, मग जोडणार कशाने?" मी म्हटले, "निवेदक बोलेल मध्ये मध्ये." निवेदक बोलला. प्रत्येक गाण्याआधी गायकाची स्तुती केली आणि प्रत्येक गाण्यानंतर वर्गणीदारांची नावे वाचली.

खरे सांगायचे तर वेळ हे निम्मेच कारण होते. बतावणी म्हणजे जरा खालचे, हसवाहसवीचे, आणि गाणी म्हणजे विचार, असे कुठेतरी माझ्या डोक्यात होते. समाजशास्त्राची एमए होऊनसुद्धा होते. कदाचित झाल्यामुळेच होते.

आता मंचाकडे बघा. पाच फूट उंच स्टेज. त्याच्यापुढे पाहुण्यांचे सोफे. सोफ्यांच्या मागे मोकळी जागा, कारण तिथून व्हीआयपींना ये-जा करता यायला हवी. त्यामागे खुर्च्या, पुरुषांच्या. त्यामागे सतरंजीवर बाया आणि पोरे. ज्या बायांसाठी हा जलसा आहे असे मी कमिटीत भांडून सांगितले होते, त्या शाहिरांपासून साठ-सत्तर फुटांवर होत्या. मंचावर दोन मोठे हॅलोजन शाहिरांच्या डोळ्यांवर रोखलेले आणि मंडपातले दिवे "वातावरण" म्हणून घालवलेले. शाहिरांना समोर फक्त काळोख दिसत होता. साउंड डीजेवाल्याचाच, स्वस्तात मिळाला म्हणून. त्याने इको पूर्ण फिरवून ठेवला होता. डीजेचा साउंड छातीत धडधडण्यासाठी बसवलेला असतो, शब्द ऐकू येण्यासाठी नाही. ढोलकी तोफेसारखी वाजत होती आणि शब्द विहिरीतून आल्यासारखे येत होते. मागच्या बायांना काय गाताहेत हेच कळत नव्हते. दुसऱ्या गाण्याला त्या उठायला लागल्या. सकाळी त्यांना कामाला जायचे होते.

शाहीर वाईट गायले का? नाही. मी शपथेवर सांगते, आवाज लागलेला होता. म्हणून माझे म्हणणे असे आहे की तो कार्यक्रम मंचावर पडलेला नाही. तो फेब्रुवारीतल्या बैठकीत पडला होता, एप्रिलमध्ये फक्त दिसला.

आता थोडे मागे जाऊ. आपल्याकडे जलसा आला तो सत्यशोधकांकडून. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढच्या काळात सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यातला आशय बदलला. गण, गौळण, बतावणी, वग ही माणसांच्या अंगात मुरलेली रचना होती. ती मोडली नाही. गणातला गणपती गेला, गौळणीतली कृष्णलीला गेली, आणि त्या जागी ज्ञान, समता, शेतकऱ्याची लूट, भटशाहीची फसवणूक आली. आंबेडकरी जलशांनी हीच वाट धरली. भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगावी फिरले तेव्हा विषय होते पाणी, शिक्षण, मंदिरप्रवेश, मेलेल्या ढोराचे मांस सोडणे, बलुत्याची लाचारी. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, काळारामचा १९३० चा. या लढ्यांची बातमी वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसापर्यंत कशी गेली असेल, याचा विचार करा. कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या पुस्तकात हा सगळा अनुभव मांडून ठेवला आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी मिळवून वाचावे. बाबासाहेब एका जलशाला स्वतःच्या अनेक भाषणांच्या बरोबरीचा मानत, असे आपण प्रत्येक मंचावरून सांगतो. सांगतो, आणि मग त्याच मंचावर जलशाला चाळीस मिनिटे देतो.

जलसे का चालले? "तेव्हा करमणुकीची दुसरी साधने नव्हती" हे उत्तर मला कायम आळशी वाटते. तमाशा होता, भजन होते, कीर्तन होते, जत्रा होती. शिवाय ज्या गावात जलसा व्हायचा तिथे विरोधही असायचा. माणसे तरीही आली आणि बसली.

माझ्या समजुतीने मोठे कारण बतावणीत आहे, म्हणजे नेमके मी जे कापले त्यात. बतावणीत, फार्समध्ये एक जुन्या वळणाचा माणूस असतो आणि एक नव्या विचाराचा. जुना म्हणतो, बापजाद्यांनी केले ते सोडायचे कसे? गावकी काय म्हणेल? बलुते बंद झाले तर खायचे काय? आता लक्षात घ्या, हे प्रश्न मूर्ख माणसाचे नाहीत. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या पोटातले प्रश्न आहेत. आणि खाल्लेले बलुते खरोखरच बंद होणार होते. जो जलसाकार त्या जुन्या माणसाला नुसता बावळट करतो त्याचा खेळ पडतो, कारण समोरच्याला कळते की हा मलाच हसतोय. जो त्याच्या तोंडी खरा प्रश्न देतो, त्याला हसण्याची जागाही देतो आणि मग नव्याच्या तोंडून त्याला उत्तर देतो, त्याचा खेळ उभा राहतो. समोरचा माणूस आधी स्वतःला मंचावर बघतो, मग स्वतःशी भांडतो, मग हळूच बाजू बदलतो. हे भाषणाने होत नाही. भाषणात वक्ता आधीच जिंकलेला असतो.

कव्वालीच्या मुकाबल्यात हेच असायचे. मुंबईच्या चाळींत आणि वस्त्यांत जयंतीला दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, तोही त्याच चालीत, तिथल्या तिथे. माझे वडील सांगतात की सवाल अडला की मंडपात माणसे श्वास रोखून बसायची. पहाटेपर्यंत कोणी हलायचे नाही, कारण जवाब काय येणार हे कुणालाच माहीत नसायचे. गाणाऱ्यालाही नाही. आज दहाचा नियम आहे, रात्रभर मुकाबला शक्य नाही. मी त्या नियमाच्या विरोधात नाही, वस्तीत आजारी माणसे असतात, दहावीची पोरे असतात. पण रात्रभराचा कार्यक्रम बंद झाल्यावर दोन तासांचा कार्यक्रम कसा बांधायचा, हे आपण शिकलो नाही. रात्रभराच्या काळातली सुस्ती तेवढी ठेवली.

'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. २०१२ साली आले. राजकुमार तांगडे यांचे लेखन, नंदू माधव यांचे दिग्दर्शन, संभाजी भगत यांची संकल्पना आणि संगीत, आणि जालन्याकडची शेतातून आलेली पोरे मंचावर. शिवाजी महाराजांवर महाराष्ट्रात काही बोलायचे म्हणजे निखाऱ्यावर चालणे. तरी ते नाटक उभे राहिले. त्यात शाहिरीचा सामना आहे, दोन बाजू समोरासमोर आहेत, यमाची गंमत आहे. म्हणजे आपलाच जुना साचा. प्रेक्षक हसत हसत अशा ठिकाणी पोहोचतो जिथे भाषणाने नेले असते तर तो उठून गेला असता.

आता माझ्या दुसऱ्या अनुभवाकडे येते. तोच शाहीर, तीच पार्टी. गेल्या ७ फेब्रुवारीला, रमाईच्या जयंतीला, शेजारच्या गावच्या बुद्धविहारात बचत गटाच्या बायांनी त्यांना बोलावले. दुपारी तीनला. बायांनी वेळ स्वतः ठरवली होती, दुपारची भांडी झाल्यावर आणि जनावरे येण्याआधी. स्टेज नाही. विहाराच्या अंगणात ताडपत्री. पार्टीत पाच माणसे : ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि दोन झीलकरी. एक छोटा स्पीकर होता, तो शाहिरांनी दहा मिनिटांत बंद करायला लावला. बाया तीन बाजूंनी बसल्या होत्या, पहिली रांग हात लांबवला तर तुणतुण्याला लागेल इतकी जवळ.

शाहिरांनी आल्यावर पहिली अर्धी घंटा काही गायले नाही. ढोलकीवाला ऊन दाखवून ढोलकी चढवत होता आणि शाहीर बायांशी बोलत होते. कुठल्या गावची, माहेर कुठले, यंदा सोयाबीनला भाव काय मिळाला, हप्ता कुणाकुणाचा आहे. मला वाटले वेळ घालवताहेत. ते साहित्य गोळा करत होते.

बतावणीत त्यांनी नवरा उभा केला, जो फायनान्सचा हप्तेवाला आला की घराच्या मागे जाऊन लपतो आणि बायकोला पुढे करतो. झीलकऱ्यांतला एक हप्तेवाला झाला. अगदी तसाच, पाठीला बॅग, हातात टॅब, "ताई, ग्रुपच्या सगळ्यांनी बसायचं, एकीचा हप्ता भरेपर्यंत कुणी उठायचं नाही." बाया इतक्या हसल्या की काहींनी पदर तोंडाला लावला. ही गोष्ट त्यांच्या घरची होती, त्यांनी ती कुणाला सांगितलेली नव्हती, आणि इथे ती भर अंगणात चालली होती. मग शाहीर म्हणाले, "बाबासाहेबांनी १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. शंभर वर्षं झाली. आपल्या घरात रुपयाचा प्रश्न अजून पुस्तकाबाहेर आला नाही." पुन्हा हशा, पण या वेळचा हशा वेगळा होता. नंतर एकदम शांतता. त्या शांततेत त्यांनी रमाईच्या गोवऱ्यांवरचे गाणे उचलले. बारीक आवाजात, ढोलकी जवळजवळ नाहीच.

दुसऱ्या कडव्याला मागून एका म्हाताऱ्या आजीने मध्येच स्वतःचे गाणे सुरू केले. वेगळीच चाल, वेगळाच ठेका. माझ्यातली आयोजक घाबरली. मी उठणार तेवढ्यात शाहिरांनी हाताने थांबवले, आपले गाणे सोडून दिले, तुणतुणेवाल्याला आजीचा सूर धरायला सांगितला आणि आजीच्या मागे झील धरली. आजीने चार-पाच कडवी गायली, बाकीच्या बायांना ती माहीत होती, सगळे अंगण गायला लागले. तो कार्यक्रम पुढे साडेपाचपर्यंत चालला. शाहिरांनी ठरवून आणलेला पोवाडा त्या दिवशी झालाच नाही. परत येताना मी म्हटले, "पोवाडा राहिला." ते म्हणाले, "आज तो लागत नव्हता."

लागत नव्हता. या दोन शब्दांवर मी बरेच दिवस विचार करते आहे. जिवंत कार्यक्रम आणि बाकीचे सगळे, म्हणजे रेकॉर्ड, मोबाइलवरचा व्हिडिओ, ट्रॅक लावून गाणे, डीजे, यात फरक कोणता? आवाजाची गुणवत्ता म्हणाल तर रेकॉर्ड नेहमीच चांगली. माझ्या मते फरक एवढाच आहे की जिवंत मंचाला कान असतो. समोरचा हसला, कंटाळला, गप्प झाला, त्याने मध्येच गाणे धरले, हे मंचाला ऐकू येते आणि पुढची गोष्ट त्यावरून ठरते. ट्रॅकवर गाणारा गायक कितीही गुणी असला तरी तिसऱ्या कडव्याआधी थांबू शकत नाही, ट्रॅक थांबत नाही. गेल्या वर्षीच्या मंचाचे आपण कान बंद केले होते. हॅलोजनने डोळे, सोफ्यांनी अंतर, इकोने शब्द, सत्कारांनी वेळ आणि मी बतावणी. मग शाहिरांनी काय ऐकून काय करायचे होते?

यावर आपल्यातले काही मित्र म्हणतील की कला, रंग, ठेका हे सगळे उच्चवर्णीयांचे चोचले आहेत. आपला विचार खरा आहे, तो बेसूर सांगितला तरी खराच. मला हे पटत नाही, आणि ते आपल्या पूर्वजांवर अन्याय करणारे वाटते. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) आयुष्यभर हजारो गाणी रचली, वस्तोवस्ती फिरून गायली. ती गाणी आज गायक नसलेली माणसेही गातात, कारण शब्द तोंडात बसतील असे घडवलेले आहेत. ते आपोआप झालेले नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले ते नुसत्या घोषणांवर चालले नाही. खरा विचार वाईट पद्धतीने सांगितला की ऐकणारा विचारालाच कंटाळतो, आणि हे नुकसान शत्रूने केलेल्या नुकसानापेक्षा भरून यायला अवघड असते.

भीमगीतांवर "सिनेमाच्या चाली चोरतात" असे नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, आपल्यातही आहेत. पण चाल ओळखीची असते म्हणून तर मुखडा पहिल्या झटक्यात समोरच्याच्या तोंडी येतो, आणि त्याचे सगळे लक्ष नव्या शब्दांकडे लागते. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला त्यामागेही हेच शहाणपण होते. शर्मिला रेगे यांनी लावणी-पोवाड्यावर, आणि पुढे आपल्या जयंतीतल्या पुस्तिका आणि गाण्यांवर, गंभीरपणे लिहिले. विद्यापीठाने ज्याकडे गोंगाट म्हणून पाहिले त्यात त्यांना विचार दिसला. आपल्याला मात्र अजून आपल्याच गाण्याची लाज वाटते किंवा नुसता अभिमान वाटतो. त्याचा अभ्यास करायचे राहूनच जाते.

टाळीबद्दलही बोलले पाहिजे. आपल्याकडे एक सोपी टाळी आहे. गाणे पडायला लागले की गायक हात वर करतो आणि बाबासाहेबांच्या नावाचा जयघोष करतो. मंडप उठून प्रतिसाद देतो. देणारच, कुणाचे रक्त उसळणार नाही? पण ती दाद बाबासाहेबांना आहे, त्या गायकाला नाही. ती उसनी घेऊन कार्यक्रम यशस्वी झाला असे समजणे म्हणजे नामस्मरण. आणि नामस्मरणातून बाहेर पडण्यासाठीच तर १९५६ साली आपण नागपूरला गेलो होतो. त्या अंगणातल्या कार्यक्रमात जयघोष फक्त सुरुवातीला आणि शेवटी झाला. मधल्या अडीच तासांत टाळ्याही मोजक्याच होत्या. पण पुढच्या आठवड्यात त्या बचत गटातल्या तीन बाया माझ्याकडे कर्जाची कागदपत्रे घेऊन आल्या, व्याज नक्की किती लागते ते वाचून सांगा म्हणून. मी याला यश म्हणते. हे दरवेळी होते असा माझा दावा नाही.

पैशाची गोष्ट टाळता येणार नाही. गेल्या वर्षी पार्टीला आपण जे मानधन दिले ते डीजेच्या बिलाच्या दहाव्या भागाइतकेही नव्हते. पाच-सहा माणसांनी ते वाटून घ्यायचे, त्यातून गाडीभाडे, आणि ढोलकीला नवी पुडी चढवायची तर तीही त्यातूनच. शाहीर एरवी बिगारी काम करतात. सराव कधी करणार? आणि मग गाणे चालू असताना कुणीतरी मंचावर चढून नोट देतो, त्याचे नाव माइकवरून पुकारले जाते, गाणे तुटते. याचा मला फार राग होता. मी शाहिरांना म्हटले, पुढच्या वेळी बक्षिसी बंद करू. ते हसले. "ताई, तुमचं मानधन आणि ती बक्षिसी, दोन्ही मिळून घर चालतं. एक बंद करायचं तर दुसरं वाढवा." माझ्याकडे उत्तर नव्हते. गाण्याची शान राखायची भाषा मी करत होते आणि त्याची किंमत त्यांच्या खिशातून जाणार होती.

विलास घोगरे आपण विसरता कामा नये. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली आणि चार दिवसांनी या शाहिराने स्वतःचे आयुष्य संपवले. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मुळे ते नाव वस्तीबाहेर पोहोचले. पण शाहीर जिवंत असताना त्याच्या घरात काय शिजते, हे विचारायची सवय चळवळीला फारशी लागलेली नाही. पुष्पहार मात्र आपण मोठे घालतो.

आता डीजेविषयी, कारण बैठकीतले भांडण शेवटी तिथेच येणार. पेपरातून दरवर्षी "जयंतीचा धांगडधिंगा" असे लेख येतात आणि ते लिहिणाऱ्यांना बाकीच्या उत्सवांतला आवाज ऐकू येत नाही. मी त्या कळपात नाही. ज्या रस्त्यावरून आपल्या आज्ज्याला पायात वहाण घालून जाता येत नव्हते, त्या रस्त्याच्या मधोमध त्याचा नातू नाचतो, यात मला आनंद आहे. दुर्खीमने समूहाच्या एकत्र येण्यातून उसळणाऱ्या ज्या ऊर्जेबद्दल लिहिले ती १४ एप्रिलच्या रात्री कुणालाही अंगावर जाणवेल. माझे भांडण डीजेशी नाही, ते प्रमाणाशी आहे, आणि डीजेच्या मापाने जलसा मोजण्याशी आहे. हजार माणसे नाचली म्हणून डीजे यशस्वी आणि दीडशे बाया बसल्या म्हणून जलसा पडला, हा हिशेब चुकीचा आहे. जलसा दीडशे माणसांसाठीच असतो. ज्याला हजार माणसे हवीत त्याने दीडशेचे सात जलसे करावेत, सात गल्ल्यांत.

कडूबाई खरात यांना ऐका. एक एकतारी, एक बाई, आणि समोर बसलेली माणसे. त्यांना पाच फुटांचे स्टेज लागत नाही. त्यांच्या आवाजात जे आहे ते कुठल्याही कमिटीला विकत आणता येणार नाही, हे मान्य. पण ते ऐकू येईल अशी जागा तरी आपल्याला करता येते.

येत्या रविवारी दुसरी बैठक आहे. मी लेखी प्रस्ताव देणार आहे. जलसा मिरवणुकीच्या मंचावर नको, विहाराच्या अंगणात, रात्री साडेआठला, बायांना विचारून. सत्कार आदल्या दिवशी, वेगळे. स्टेज फार तर दीड फुटाचे, सोफे नाहीत, पुढची ताडपत्री बायांची आणि पोरांची. मंडपातले दिवे चालू. साउंड भजनवाल्याचा किंवा शाळेतला, आणि शाहिरांनी दुपारी येऊन तो तपासायचा. मानधन दुप्पट, डीजेच्या बिलातून कापून, आणि निम्मे महिनाभर आधी, म्हणजे पार्टीला चार दिवस मजुरी सोडून सरावाला बसता येईल. गाणे चालू असताना कुणी मंचावर चढायचे नाही, बक्षिसीसाठी खाली डबा ठेवायचा आणि तो सगळा पार्टीचा. बतावणीला हात लावायचा नाही. निवेदक नको.

शाहिरांना मी फोन केला होता. त्यांनी विचारले, "बतावणीत या वेळी कोण घेऊ?" मी म्हटले, जयंती कमिटी घ्या. सत्कार करणारा अध्यक्ष, डीजेवाला, आणि बतावणी कापणारी ताई. ते खूप हसले, आणि मग विचारले की त्या ताईच्या तोंडी खरा प्रश्न कोणता द्यायचा. मी अजून शोधते आहे.

जय भीम.